देवमनभाऊंच्या अकरा पट्ट्या

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या लोकजागृती विद्यालयाचे पालक माननीय उकंडराव घुगे साहेब, मुख्याध्यापक आदरणीय चंपतराव गोटे सर, व्यासपीठावर आयुष्यात पहिल्यांदाच बसलेले, शाळेच्या नोकरीतून निवृत्त झालेले आपले सत्कारमूर्ती देवमनभाऊ इंगोले, त्यांच्या शेजारी रुख्मिणीवहिनी, जऊळक्याची, किन्हीराजाची आणि थेट मेडशीहून एस.टी.ने आलेली पालक मंडळी, माझे सहकारी, आणि मागच्या रांगेत बसलेले, मी काय बोलणार हे आधीच ठाऊक असलेले माझे विद्यार्थी मित्रहो,

देवमनभाऊ, आधी जरा मागे सरकून बसा. तुम्ही खुर्चीच्या अगदी काठावर बसला आहात. एकवीस वर्षं या खुर्च्या तुम्ही मांडल्या आणि तुम्हीच उचलल्या, आज निदान एकीवर तरी पाठ टेका. हां, आता बरं दिसतं. हार काढू नका. वहिनी, त्यांना हार काढू देऊ नका.

अध्यक्षसाहेबांनी मला पाच मिनिटं दिली आहेत. त्यांचा माझ्यावर विश्वास आहे म्हणून नव्हे, तर अनुभव आहे म्हणून. मी, सेवादास आडे, या शाळेत विज्ञान शिकवतो आणि माझा पाच मिनिटांचा प्रयोग दोन तासिका चालतो हे सगळ्या पंचक्रोशीला माहीत आहे. पण अर्ध्या वेळेला तो प्रयोग यशस्वी व्हायचा तो कोणामुळे? कागदोपत्री देवमनभाऊ प्रयोगशाळेचे शिपाई. आमच्या तराजूचा काटा मोडला तेव्हा त्यांनी छत्रीच्या काडीचा काटा बसवला, आणि तो आधीच्यापेक्षा खरं बोलायला लागला. हे मी सातवी पास माणसाबद्दल बोलतो आहे. मी बी.एस्सी. आहे. मला तो तराजू नीट पुसतासुद्धा येत नव्हता.

आता मुद्द्यावर येतो. शाळेच्या दर्शनी भिंतीवर जी मोठी आकड्यांची पाटी आहे, ती कुठून आली हे नव्या मुलांना माहीत नाही. त्यांना वाटतं ती कबड्डीचे गुण दाखवायला केली. नाही बाबांनो. ती पाण्यासाठी केली.

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात गावातल्या विहिरी तळाला गेल्या आणि फक्त आपल्या शाळेच्या विहिरीला पाणी राहिलं. संस्थेनं विहीर सर्वांना खुली केली. घरटी दोन घागरी, असं ठरलं. पण कोणी आधी भरायचं? नावांची यादी झाली, आणि कोणी मुद्दाम म्हणणार नाही, पण यादी गावाच्या वरच्या आळीपासून सुरू व्हायची. खालच्या आळीपर्यंत नाव येईस्तोवर विहिरीत नुसता गाळ. रुख्मिणीवहिनी सकाळी सातला उन्हात येऊन उभ्या राहायच्या आणि दुपारी दोनला गढूळ घागर घेऊन जायच्या. शाळेत नवरा नोकरीला असूनसुद्धा. देवमनभाऊंनी त्यांची घागर कधी पुढे सरकवली नाही. तक्रारही केली नाही. एका दुपारी ते मला एवढंच म्हणाले, "सर, नावाच्या जागी नंबर ठेवला तं? नंबरले कुठं आळी असते?"

पुठ्ठ्याचे बिल्ले केले, नंबर टाकले, रोज टोपलीतून सगळे उचलायला लागले. पण ओरडून नंबर सांगितला की गलका व्हायचा. देवमनभाऊंचं म्हणणं, आकडा दुरून दिसला पाहिजे, म्हणजे बायका लिंबाखाली बसतील, कोणी घरी जाऊन भाकरी टाकून येईल. आकडा कसा दाखवायचा? इथे मी पुढे झालो. एका मासिकात मी विलायती हिशेबाच्या यंत्राचं चित्र पाहिलं होतं. सात पट्ट्या, आणि त्यातल्या काही उजळल्या की आकडा तयार! मी फळ्यावर ते झोकात काढून दाखवलं. देवमनभाऊंनी रॉकेलच्या डब्याचा पत्रा कापला, एका बाजूला काळा रंग, दुसऱ्या बाजूला पिवळा, सायकलच्या ब्रेकच्या तारा लावल्या. तार ओढली की पट्टी फिरते आणि पिवळी बाजू समोर येते. ना बल्ब, ना वीज. आपल्याकडच्या विजेचा स्वभाव त्यांना माहीत होता.

पाटी लागली. एकापासून आठपर्यंत सगळं कसं झालं ते मला विचारू नका, मी कौतुक ऐकण्यात दंग होतो. मग लागला नऊ. इंग्रजी नऊ, कारण मासिक इंग्रजी! आणि किन्हीराजाच्या मळेवाल्या हौसाबाई, ज्यांचा नंबर पहिलाच होता आणि ज्यांच्या दोन्ही घागरी केव्हाच भरून झाल्या होत्या, त्या तिसरी घागर घेऊन परत विहिरीवर हजर! कारण इंग्रजी नऊ आणि आपला मराठी एक, दोघांचं तोंड सारखंच.

हौसाबाई समोरच बसल्या आहेत. हसता काय? त्या दिवशी तुम्ही मला काय म्हणाल्या होत्या ते सांगू का सभेला? सांगतोच. मी म्हटलं, "बाई, हा एक नाही, नऊ आहे." तर म्हणाल्या, "मास्तर, मले शिकवता का? जलमभर वांगे मोजले म्या. एक हाय तो! जरा वाकडा हाय, पन एकच हाय!" ज्यांचा खरंच नववा नंबर होता त्या भागिरथाबाई कमरेला पदर खोचून आल्या, आणि विहिरीवर जे झालं ते मी या पवित्र व्यासपीठावरून सांगणार नाही.

माझं मत पडलं की लोकांना इंग्रजी आकडे शिकवावेत. मास्तर दुसरं काय म्हणणार? देवमनभाऊ म्हणाले, "लोकं पानी न्याले आले सर, शाळा शिकाले नाही आले. पाटीनं शिकावं."

आणि दुसऱ्या दिवसापासून हा माणूस मूठभर तुराट्या घेऊन लिंबाखाली जाऊन बसला. रांगेतल्या एकेका बाईपुढे तुराटीचे तुकडे टाकायचे आणि म्हणायचे, "बाई, तीन मांडा बरं. आता पाच मांडा." कोणी तीन तुकड्यांत मांडायचं, कोणी आठ. ज्यांना मांडता येईना त्यांच्यापुढे ते स्वतः मांडायचे आणि विचारायचे, "ह्यो कोनता?" उत्तर यायला वेळ लागला की तो आकार बाद. नऊ दिवस हे चाललं. शाळेतल्या काही मंडळींनी चेष्टा केली, देवमन आता बायकांत काड्या खेळतो म्हणून. त्या मंडळींत मीही होतो. दहाव्या दिवशी माझ्या टेबलावर त्यांनी तुराट्या मांडल्या. "सातात बसत नाही सर. अकरा लागतात. अकरा पट्ट्यांत आपले सारे आकडे बसून राह्यले, अन् आंधळी म्हातारी सोडून कोनीबी वाचते."

पण अकरा तारा ओढायला माणसाला दोनच हात! मग त्यांनी भजनाच्या पेटीसारख्या दहा लाकडी पट्ट्या केल्या, शून्यापासून नवापर्यंत प्रत्येक आकड्याला एक, आणि दहापुढच्या नंबरांसाठी शेजारी तसाच दुसरा संच. 'पाच'ची पट्टी दाबली की तिच्याखालच्या खाचा बरोबर तेवढ्याच तारा ओढतात. खाचा कुठे पाडायच्या हे ठरवायला मला बहुतेक एक वही आणि एक सुट्टी लागली असती. त्यांनी ते जमिनीवर कोळशानं ठरवलं.

त्यानंतरच्या पहिल्या सोमवारी पाटीवर मराठी चार लागला, आणि चार नंबरचा बिल्ला होता रुख्मिणीवहिनींचा. त्या लिंबाखालून उठल्या, कोणी अडवलं नाही, कोणी मागे ढकललं नाही, आणि त्या स्वच्छ पाण्याची घागर घेऊन गेल्या. आकडा दिसत होता, सगळ्यांनाच दिसत होता, मग बोलणार कोण? मित्रहो, शोध शोध म्हणतात तो याहून वेगळा काय असतो?

अध्यक्षसाहेब घड्याळाकडे पाहत आहेत. साहेब, पाच मिनिटं केव्हाच संपली, पण आता जे बोलायचं आहे ते बोलल्याशिवाय मला खाली बसता येणार नाही. तेवढं अभय द्यावं.

चौऱ्याहत्तर साली ही पाटी अकोल्याला जिल्ह्याच्या विज्ञान प्रदर्शनात गेली. फॉर्म मी भरला. त्यात दोनच रकाने होते: विद्यार्थ्याचे नाव, किंवा शिक्षकाचे नाव. शिपायाला रकाना नव्हता. मी थोडा वेळ थांबलो. फार नाही, खरं सांगतो, थोडाच वेळ. आणि लिहिलं: निर्माता, श्री. सेवादास आडे, विज्ञान शिक्षक. पाटीला पहिला क्रमांक मिळाला. शिल्डवर माझं नाव कोरलं गेलं, वर्तमानपत्रात माझा फोटो आला, तांड्यावर माझ्या आईनं पेढे वाटले. गोटे सरांनी इथेच, याच सभागृहात माझा सत्कार केला. त्या दिवशीही खुर्च्या देवमनभाऊंनीच मांडल्या होत्या.

चार वर्षं मी स्वतःला सांगत आलो की दोष फॉर्मचा आहे. फॉर्मला तोंड नसतं, त्यामुळे ते सोपं जातं. पण आठ दिवसांपूर्वी नागपूरच्या एका कारखान्याचं पत्र आलं. त्यांना दवाखान्यांसाठी अशा वीस पाट्या करायच्या आहेत, विजेशिवाय चालणाऱ्या, आपल्या आकड्यांच्या. निर्मात्यानं स्वतः येऊन राहावं, कारागिरांना शिकवावं, कामाला नाव निर्मात्याचंच राहील. पत्र माझ्या नावे. आणि त्याच आठवड्यात देवमनभाऊ मला प्रयोगशाळेची किल्ली देताना म्हणाले, "सर, उद्यापासून हात कायले लावू? घरी तं सारं नीट करून ठेवलं म्या." पत्र माझ्या खिशात होतं. मी म्हटलं, "आराम करा आता." आराम करा म्हटलं मी त्यांना!

अध्यक्ष महाराज, गोटे सर, बंधुभगिनींनो, ती पाटी माझी नाही. त्यात माझ्या फक्त सात पट्ट्या होत्या आणि त्यांनी विहिरीवर भांडण लावलं. काल मी नागपूरला उत्तर पाठवलं आहे की निर्माते श्री. देवमन इंगोले आहेत, आणि शिल्डवरचं नाव बदलण्याचा अर्ज आज गोटे सरांच्या टेबलावर ठेवला आहे. नागपूरचं ते पत्र हे इथे आहे. देवमनभाऊ, हे तुमचं आहे. घ्या. मला लाज वाटते आहे, आणि ती वाटलीच पाहिजे.

काय म्हणालात? जरा मोठ्यानं बोला, सभेला ऐकू द्या.

मागच्यांना ऐकू गेलं नसेल, मी सांगतो. ते म्हणतात, "मले माहीत होतं सर. शिल्ड रोज मीच पुसतो. वाचता येते मले."

 

मी विचारतो, मग चार वर्षं बोलला का नाहीत? तर म्हणतात, "तुमी कवा बोलता ते पाहून राह्यलो होतो." आणि आता म्हणतात, "नागपूरले जाईन म्या. रुख्मिणीले घेऊन जाईन. पन तुमी बी चाला चार दिवस, तिथं इंग्रजी कोन बोलन?" हसा, हसा, मंडळी, हसायचीच गोष्ट आहे. येतो, देवमनभाऊ. सोमवारच्या सकाळच्या पॅसेंजरनं अकोला, तिथून पुढे नागपूर. तुम्ही निर्माते, मी तुमचा मदतनीस. तिथल्या फॉर्मवर मी तसंच लिहीन.

संस्थेनं मला बोलायला उभं केलं, अध्यक्षसाहेबांनी पाचाची पंचवीस मिनिटं होऊ दिली, आणि हौसाबाईंनी मला मध्ये अडवलं नाही, याबद्दल मी सर्वांचा ऋणी आहे. बोलण्याच्या ओघात कोणाला लागेल असं काही गेलं असेल, तर तुम्ही मोठ्या मनानं ते पोटात घालाल अशी मला खात्री आहे. मात्र ज्यांची माफी मला हवी आहे त्यांनी ती अजून दिलेली नाही. ते फक्त सोबत चला म्हणाले आहेत. अकोल्यापर्यंतचा रस्ता लांब आहे, तिथे मी पुन्हा मागेन.

धन्यवाद.