सर्ज्या आमचा कोण

माणूस गेल्यावर त्याचा प्रकार बदलतो का रे? हे मी सगळ्यांना विचारून पाहिलं.

आमचा दादा वलवणला, धरणाकाठच्या आमच्या घरी बसून वेबसाइट करायचा. आम्ही पाहुण्यांना खोल्या देतो, त्याचंही पान त्याने केलं, त्यात घराची आणि आम्हा सगळ्यांची नोंद केली. प्रत्येक नोंदीला प्रकार द्यायचा, म्हणजे इंटरनेटवर शोधणाऱ्या यंत्राला कळतं की हे घर, हा माणूस. शर्यतीचा आमचा बैल सर्ज्या, त्याला दादाने 'वस्तू' केलं.

"दादा, सर्ज्या वस्तू व्हय?"

"यादीत जनावर न्हाईच. वस्तूत समदं येतं. तू बी."

तो चहाला उठला आणि मी तिथे 'माणूस' करून टाकलं.

थोड्या दिवसांनी पान बघून पुण्याहून एका बाईंचा फोन आला. "तुमच्याकडचे सर्ज्या आम्हाला किल्ला दाखवतील का?"

"त्यांनाच इचारा," म्हणत दादाने फोन गोठ्यात नेला. सर्ज्या जोरात फुरफुरला. दादा हसत हसत गव्हाणीत बसला.

"येड्या, प्रकार म्हंजी तो काय हाय ते. आपला कोन लागतो, त्याची ओळ निराळी असती."

आता दादा नाही. धरणावर धुकं उतरलं की वाटतं, तो फोन कानाला लावून गोठ्यातून येतोय. लोक म्हणाले, त्याची नोंद काढून टाक. परवा मी ती उघडली. प्रकार 'माणूस' होता, तो तसाच ठेवला. खाली नात्याची ओळ रिकामी होती. तिथे भाऊ म्हणून माझं नाव घातलं, आणि सर्ज्याचंही.