गढीचा पडका बुरूज

नातीच्या लग्नाची जागा बघायला व्याही भूमहून आले, तवाची गोष्ट. देशमुखांची गढी गावातल्या भास्करनं विकत घेऊन तिचं मंगल कार्यालय केलंय. पडका बुरूज दाखवत तो म्हणाला, "ह्यो निजामाच्या तोफेनं पडला."

व्याह्यांनी मला विचारलं, "व्हय का हो, आण्णा?"

खोटं बोलावं तर सोयरीक नासते, खरं बोलावं तर भास्करचं गिऱ्हाईक जातं. म्या म्हणालो, "तोफ काय म्या बघितली न्हाय. दर उन्हाळ्यात बुरूज उकरून सारं गाव त्याची पांढरी माती, पावसात घर गळू नये म्हणून, माळवदाच्या छतावर टाकायचं. दोन गाड्या माझ्याबी घरावर हायेत."

भास्करनं कपाळाला हात लावला.

व्याही मात्र खदखदून हसले. "म्हंजे आमची सून गढीतच वाढली की! मग लगीन दुसरीकडं कशाला?"