रेसच्या फाटकावर इवाई

ताई, पहिले माफी मागते. माझं अक्षर वेडंवाकडं आहे, ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही, चुकलं असेल तिथं समजून वाचा. त्या दिवशी तुम्ही घरी येऊन विचारलं, रेसचं सगळं सांगा, तर माझ्या तोंडून चहा घ्या याच्यापुढे शब्द निघाला नाही. म्हणून आता घरात कोणी नाही तर लिहून राहिली.

माझं माहेर नरखेड तालुक्यातलं. बाप दुसऱ्याच्या बगीच्यात संत्रा तोडायला जायचा, चौथी झाल्यावर मीही टोपली घेऊन त्याच्यामागे जायला लागली, शाळा तिथंच सुटली. लग्न होऊन नागपूरच्या कडेला हुडकेश्वरला आली तेव्हा इकडं अर्धी शेतंच होती. मालकांचं मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान, आणि धाकटे दीर दिनेश भाऊजी, त्यांना गाडीचं भारी वेड. त्यांनी वस्तीतली पोरं धरून क्लब काढला, आणि काय सांगू तुम्हाला, नाही नाही म्हणता बाहेरदेशचे गाडीवाले आमच्या मैदानावर मोटारसायकलच्या रेसला यायला लागले. मातीचे उंच ढीग करतात, त्याच्यावरून गाड्या हवेत उडवतात, गाडी खाली येईपर्यंत माझा जीव माझ्याजवळ नसतो. पण रेस आली की दुकानाला उसंत नसायची, लोकांच्या खोल्या भाड्यानं जायच्या, बायकांचे तर्री-पोह्याचे ठेले लागायचे. आमच्या वस्तीची दुसरी दिवाळीच म्हणा.

तर झालं असं, ज्या कंपनीचे बोर्ड लागायचे, पैसा जिचा असायचा, तिनं अंग काढून घेतलं. रेस ज्यांची, ती बाहेरदेशची मंडळी म्हणाली, पहिले अनामत भरा, नाही तर आम्ही दुसऱ्या शहराला रेस देतो, आणि एकदा दिली की परत येत नाही. भाऊजींनी प्लॉट गहाण टाकला, क्लबच्या पोरांनी आपल्या गाड्या विकल्या, तरी कमीच पडलं. मग भाऊजी माझ्यासमोर येऊन बसले, खाली मान घालून म्हणाले, वहिनी, तुमच्या बचत गटात पैसा आहे ना.

गटात पुरुषाला कर्ज नाही. म्हणजे घ्यायचं तर माझ्या नावावर. आणि आमच्या गटाची रीत अशी, ज्या बाईला पैसा पाहिजे तिनं सतरंजीच्या मधोमध बसायचं आणि कशाला पाहिजे ते आपल्या तोंडानं सगळ्यांना सांगायचं. आतापर्यंत मला कधी गरज पडली नव्हती, की पडली तरी बोलायच्या भीतीनं मी घेतलं नव्हतं. त्या दिवशी बसली. त्याच पैशातून गटातल्याच शोभाच्या पोरीची नर्सिंगची फी भरायची होती, शोभा समोरच बसली होती, तिच्याकडे पाहवेना. मी एवढंच म्हटलं, रेस गेली तर आपल्या सगळ्यांचंच जाईल, पैसा मी माझ्या जिवावर परत करीन.

कांताबाई आमच्या गटाची अध्यक्ष, जिभेनं तिखट. तिनं भाऊजींना आत बोलावलं. म्हणे, काहून गा दिनेश, मागच्या साली मैदान तर भरलं होतं, मुंगी शिराले जागा नव्हती, मंग पैसा कुठी गेला. भाऊजी म्हणाले, काकू, लोकं फुकटच्या पासवर आले. तिनं विचारलं, कोणाले देल्ले पास. आता काकू, आपलेच लोकं असतात, नाही कसं म्हणता. किती देल्ले. भाऊजी बोटं मोजायला लागले. कांताबाई बायकांकडे वळून म्हणाली, घ्या वं, यानं तर गावजेवण घातलं आणि वरून म्हणते सांबार सरला. सगळ्या हसल्या. ती नाही हसली. म्हणाली, पैसा देतो, पण फाटकावर आमी उभ्या राहू, पास एकही चालणार नाही, आणि कर्ज इच्या नावावर हाये तर सगळ्यात पुढं हेच उभी राहीन.

रेसच्या दिवशी आम्ही गटाच्या बायका सकाळीच फाटकावर गेलो. पाहता पाहता गर्दी झाली, पण तिकिटाच्या खिडकीवर कोणी नाही. आमच्याकडे तिकीट काढणं म्हणजे आपली कोणाशी ओळख नाही असं कबूल करणं. जो तो जुना पास दाखवे, दिनेशले बोलव म्हणे, मी त्याच्या मामाचा साडभाऊ म्हणे. माझे मालक आले तर कांताबाई थट्टेनं म्हणाली, गटाचे जावईबापू, खिडकी तिकडं हाये. ते बिचारे मुकाट गेले, तिकीट काढून आले, म्हणाले, घरी जेवणाचंबी तिकीट लावलं का पाहतो आता. पण त्यांच्यामागं कोणी गेलं नाही. आत पायऱ्या रिकाम्या, बाहेर माणसांचा बाजार. लोक चिडले, मागून रेटायला लागले. मला वाटलं, गेला शोभाच्या पोरीचा पैसा.

तेवढ्यात गाडी आली. खापरखेड्याहून माझ्या लेकीचे सासरे, आमचे इवाई, सगळं घर घेऊन आले होते. मागच्या काचेतून माझी लेक दिसली. इवाई उतरले, हसत फाटकाशी आले, म्हणाले, इहीणबाई, सरका, पाहुणे आले. सगळी गर्दी माझ्याकडे पाहू लागली. ताई, पोरीच्या सासऱ्याला आपल्या दारावर अडवायचं, हे माझ्या सात पिढ्यांत कोणी केलं नसेल. मी पदर सावरला, हात जोडले आणि म्हटलं, इवाई, तिकीट लागते. ते म्हणाले, आमाले. मी म्हटलं, सगळ्याइले. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला जमिनीत जावं वाटलं. मग वळले, गाडीत बसले, गाडी परत फिरवली. लेकीनं खिडकीतून पाहिलंसुद्धा नाही.

गर्दीतून कोणी तरी म्हणालं, इनं इवायाले सोडलं नाही, आपल्याले काय सोडते बे, चला. एक गेला, त्याच्यामागं दुसरा, मग खिडकीवर अशी झुंबड लागली की कांताबाईला आत जाऊन तिकिटं फाडायला बसावं लागलं. आत गाड्या सुरू झाल्या, त्यांचा आवाज ऐकू येत होता, मी मात्र रस्त्याकडेच पाहत होती.

रेस नागपुरातच राहिली, पुढच्या वर्षाचं कबूल झालं. संक्रांतीला लेक माहेरी आली नाही, पाठवली नाही. फोनवर हळूच म्हणाली, आई, इकडचे बाबाजी अजून रागात हाये, थोडे दिवस जाऊ दे. मी म्हटलं, जाऊ दे.

हिशेब झाल्यावर भाऊजी गटाच्या बैठकीत आले आणि व्याजासकट सगळी रक्कम सतरंजीच्या मधोमध माझ्यासमोर ठेवली. कांताबाईनं बायकांसमोर ती मोजली, पहिले शोभाच्या हातात तिच्या पोरीच्या फीचे पैसे दिले, मग माझ्याकडे पाहून म्हणाली, तुयं कर्ज फिटलं वं, आता बाजूले सरक, शांताले कर्जासाठी मधात बसायचं हाये.