बादलीतलं पाणी

सीताराम : बूट काढू नका मॅडम. इथे बूट काढून फिरलेला माणूस पाय घासत बसतो आठवडाभर.

आम्रपाली : काका, मी विचारलं ते सांगा ना. अकरा दिवसांपूर्वी नेमकं काय बिघडलं?

सीताराम : आधी बसा तर खरं. कोथरूडहून आलात म्हणालात. हडपसरच्या पुढे यायचं म्हणजे दोन तास मोडले असतील.

आम्रपाली : अडीच. हे बघा, मी ज्या बँकेसाठी काम करते तिने या प्लांटला पैसा दिलाय. शहराचं सांडपाणी इथे शुद्ध होईल आणि मगच नदीत जाईल, या अटीवर. तुमच्या सेन्सरचे आकडे दर पंधरा मिनिटांनी माझ्या स्क्रीनवर येतात. तीन वर्षं रेषा सरळ होती, हिरवी. अकरा दिवसांपूर्वी सकाळी पावणेदहाला लाल झाली, ती अजून लालच आहे.

सीताराम : नऊ चाळीसला.

आम्रपाली : तुम्हाला इतकं नेमकं कसं माहीत?

सीताराम : मीच केली.

आम्रपाली : म्हणजे? सेन्सर मोडलात?

सीताराम : मोडला असता तर आकडेच आले नसते. इकडे या. सांभाळून, निसरडं आहे. हा पाइप दिसतो? इथून पाणी नदीत पडतं. सेन्सर इथे असायला हवा. आता आहे. तीन वर्षं तो त्या बादलीत होता.

आम्रपाली : बादलीत?

सीताराम : नळाच्या पाण्याच्या. चांगलं पाणी, आम्ही पितो ते.

आम्रपाली : कुणी सांगितलं होतं तुम्हाला?

सीताराम : कंपनीच्या साहेबांनी. हौदात हवा सोडायला चार ब्लोअर आहेत. वीज फार खातात म्हणून तीन बंद. हवाच नाही तर घाण कुजणार कशी, पाणी निवळणार कसं? वरून येतं तसं खाली जातं, जरा गाळून. साहेब म्हणाले, ‘सीताराम, आकडे सगळे बघतात, पाणी कोण बघतंय?’ सांगणारे ते, बादली भरणारा मी.

आम्रपाली : दर सोमवारी…

सीताराम : काय?

आम्रपाली : दर सोमवारी सकाळी रेषेला बारीकसं टोक यायचं. आठ-साडेआठच्या सुमारास. मी रिपोर्टमध्ये लिहायचे, ‘नियमित देखभाल’.

सीताराम : सोमवारी पाणी बदलायचो. बादलीला शेवाळ धरायचं.

आम्रपाली : अच्छा.

सीताराम : म्हणजे तुम्हाला दिसायचं ते. इतक्या लांब.

आम्रपाली : दिसायचं. माझ्याकडे सदतीस प्लांट आहेत काका, पाच देशांतले. घरी बसून बघते. दिवस दिवस कुणाशी बोलणं होत नाही, नुसत्या रेषा. खरं सांगू? ते टोक आलं की बरं वाटायचं. वाटायचं, तिथे कुणीतरी माणूस आहे.

सीताराम : माणूस होता. एकटाच होता.

आम्रपाली : मग तीन वर्षं गप्प बसलात आणि आता का काढलात सेन्सर?

सीताराम : दशरथ म्हणून एक आहे. पलीकडच्या काठाला राहतो, मासे धरतो. माझी बायको, चंपा, चार वर्षांपूर्वी गेली. त्यानंतर इथे माझ्याशी बोलणारा तेवढाच. संध्याकाळी यायचा, चहा घ्यायचा. फाटकावर तो आकड्यांचा बोर्ड आहे ना? त्याला वाचता येत नाही. रोज विचारायचा, ‘सीताराम, आज पानी कसं हाय?’ मी बोर्डाकडे बोट दाखवून सांगायचो, चांगलं आहे.

आम्रपाली : आणि तो त्याच पाण्यात उतरायचा?

सीताराम : कमरेइतका. श्रावणात पायाला काच लागली. एरवी आठ दिवसांत भरून येणारी जखम, ती चिघळत गेली. गुडघ्याखाली पाय काढावा लागला. मी भेटायला गेलो होतो दवाखान्यात. मोसंबी घेऊन गेलो होतो. वॉर्डाच्या दारातून परत आलो.

आम्रपाली : भेटलाच नाहीत?

सीताराम : काय म्हणून भेटू? दुसऱ्या दिवशी नऊ चाळीसला सेन्सर काढला आणि पाइपाला बांधला.

आम्रपाली : साहेबांना कळलं असेल ना?

सीताराम : कळलं की. फोन आला. ‘कुणी विचारलं तर नेटवर्कचा प्रॉब्लेम सांग.’ ब्लोअर सुरू करा म्हणून तीनदा सांगून झालं होतं त्यांना. रेषा सरळ होती तोवर या फाटकाशी कोणी फिरकलं नाही. म्हटलं, वाकडी करून बघू. अकरा दिवस रोज खुर्ची पुसून ठेवत होतो.

आम्रपाली : मला नमुना घ्यावा लागेल. तुमच्यासमोर. आणि या कागदावर तुमची सही.

सीताराम : सही केली की काय होईल?

आम्रपाली : बँक पुढचा पैसा थांबवेल. या कंपनीचं कंत्राट बहुतेक जाईल. तुमची नोकरी… ती मला वाचवता येणार नाही. खोटं नाही बोलत.

सीताराम : आणि पैसा थांबला म्हणून प्लांटच बंद पडला तर? आता निदान गाळून जातं.

आम्रपाली : तेही होऊ शकतं. मी लिहीन, बंद करू नका, दुसऱ्यांच्या हातात द्या. पण ठरवणारे लांब बसलेत. त्यांनी ही नदी पाहिलेली नाही. मी तरी कुठे पाहिली होती, आजपर्यंत?

सीताराम : तुमचं काय होईल?

आम्रपाली : माझेच तीन वर्षांचे रिपोर्ट चुकीचे ठरतील. या प्लांटला मी ‘आदर्श’ लिहिलं होतं. त्यावर बढती मिळाली मला.

सीताराम : आणि तरी लिहिणार?

आम्रपाली : बाटली धरा जरा. नमुना भरते.

सीताराम : भरली. द्या तो कागद. कुठे करू सही? इथे, तुमच्या नावाखाली? आम्रपाली. जय भीम, बाळ.

आम्रपाली : जय भीम, काका.

(सात आठवड्यांनंतर, दुपारी. नदीपलीकडे, दशरथच्या घरासमोर.)

दशरथ : कोन हाय?

सीताराम : मी.

दशरथ : बस. त्या फरशीवर नगं, तापलीय.

सीताराम : नोकरी गेली माझी. आज प्लांटवरची खोली सोडली.

दशरथ : कानावर आलं.

सीताराम : नवीन कंपनी आलीय. त्यांनी तीन ब्लोअर चालू केले. चौथा दुरुस्तीला गेलाय. पाणी अजून चांगलं नाही. पण आकडे खरे आहेत आता.

दशरथ : बरं.

सीताराम : बँकेची एक मुलगी आली होती, तिने लिहिलं सगळं. तिला दुसऱ्या कामावर टाकलं. परवा फोन आला होता तिचा. पाणी कसं आहे, विचारत होती.

दशरथ : हं.

सीताराम : दशरथ, मी खोटं सांगत होतो तुला. तीन वर्षं.

दशरथ : ठावं हाय.

सीताराम : कुणी सांगितलं?

दशरथ : सांगाया कशाला पायजे? चाळीस वरसं त्या पान्यात उभा हाय मी. मला पान्याचा वास कळत न्हाई व्हय?

सीताराम : मग रोज विचारायचास कशाला?

दशरथ : तू कवा खरं बोलतोस, ते बघत व्हतो.

सीताराम : आणि तरी उतरायचास?

दशरथ : दुसरं काय येतं मला?

सीताराम : मी दवाखान्यात…

दशरथ : आला व्हतास. दारापातुर. हातात पिशवी व्हती. बघितलं मी.

सीताराम : हाक मारायची होतीस रे.

दशरथ : मारनार व्हतो. तवर तू पाठ फिरवलीस.

सीताराम : मोसंबी होती पिशवीत.

दशरथ : आता कुटं ऱ्हानार?

सीताराम : हडपसरला, पुतण्याकडे. काही दिवस. पुढचं पुढे बघू.

दशरथ : जेवलास का?

सीताराम : हो. नाही. होईल तिकडे. निघतो मी.

दशरथ : बस साडेपाचला हाय. आत्ता कुटं दोन वाजल्यात.