भुऱ्याच्या गळ्यातलं लोढणं

नाव शकुनबाई गोमाजी हटवार, वय अंदाजे ६९ वर्षे (जन्माचा दाखला नाही), शिक्षण दुसरी, धंदा शेती, राहणार दिघोरी, तालुका लाखांदूर, जिल्हा भंडारा.

आज मंगळवारी स्वतः ठाण्यात येऊन सांगते की, वरील पत्त्यावर मी, मुलगा सेवकराम, सून रुपा व नातू प्रविण, वय २३, असे राहतो. मला कोणी बोलावलं नव्हतं. प्रविणने काल हवालदारांना जे सांगितलं ते खोटं आहे, म्हणून आली.

आमच्या धानाच्या बांध्या गावाबाहेर रस्त्याला लागून आहेत. रस्त्याच्या बाजूने काटेरी तारेचं कुंपण आहे. रानडुकरं येतात म्हणून भुऱ्या नावाचा कुत्रा चार वर्षांपासून ठेवला होता. पिल्लू होता तेव्हा मीच त्याला शिकवलं. डबा वाजवायचा, हुर्र करायचं, तो कुंपणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावायचा, परत आला की पेज द्यायची. तेव्हा तिथून फक्त बैलबंडीची वाट होती. दोन वर्षांपूर्वी डांबर पडलं, गाड्या वाढल्या. त्याला डुक्कर आणि गाडी सारखीच. तो आतून गाडीबरोबर धावायचा आणि नाल्यावरच्या रपट्याजवळ तार संपते तिथून बाहेर निघून चाकाला झोंबायचा.

शेजारी कैलाश मला चारचौघांत म्हणाला, "शकुनबाई, तुमच्या कुत्र्याले आरटीओत लावून द्या, एक गाडी सोडून नाही राहिला." लोक हसले. मी हसली नाही. बाया लेकरं बसवून स्कुटीवर जातात तिथून.

काठी दाखवून पाहिली. चार दिवस साखळीला बांधला, तर डुकरांनी पूर्ण एक बांधी लोळवली. धान कापणीवर आला होता. कुत्रा सोडणं भाग होतं.

म्हणून शनिवारी सकाळी मी त्याच्या गळ्यात लोढणं बांधलं. पळणाऱ्या ढोराच्या गळ्यात लाकडाचा ठोकळा बांधतात, धावलं की तो गुडघ्यावर लागतो आणि ढोर थांबतं. आमच्या घरच्या प्रत्येक उंडग्या गाईला बांधलं आहे. हे बाभळीचं, हातभर लांब. दोर म्हणून माझ्या जुन्या लुगड्याचा काठ फाडला, तो आपण जप्त केला आहे. प्रविण तेव्हा अंगणात बूट घालत होता. तो म्हणाला, "आजी, गाय थांबते, हा नाही थांबणार. कुठंतरी अटकन. त्यापेक्षा रपट्याजवळची तार पुरी करू." मी म्हटलं, "तू पोलीस झाला का मंग शिकवजो." तो धावायला निघून गेला. गाठ मी एकटीने मारली.

शनिवार, रविवार कुत्रा नीट राहिला. मी कैलाशला घरी जाऊन तसं सांगून आली.

काल सोमवारी साडेचारच्या सुमारास मी शेताच्या धुऱ्यावर गवत कापत होती. भुपेंद्र, आमच्याच गावच्या रत्नाबाईचा मुलगा, वय अंदाजे २६, लाखांदूरकडून मोटारसायकलने आला. गाडी हळू होती, हे लिहावं. कुत्रा धावला. लोढणं पायांवर आपटत होतं तरी थांबला नाही. मी नाव घेऊन आवाज दिला. त्याने एकदा मागे पाहिलं आणि धावतच राहिला. रपट्याजवळ लोढणं पुढच्या चाकात गेलं. भुपेंद्र डोक्यावर पडला. हेल्मेट होतं का, असं मला विचारलं. मला त्याच्यावर काही ढकलायचं नाही. कुत्रा जागीच मेला. त्याचं जास्त लिहायची गरज नाही.

प्रविण रस्त्याने सराव करत येत होता. त्याने भुपेंद्रला उचललं, येणारी गाडी थांबवली आणि भंडाऱ्याला दवाखान्यात नेलं. तिथे हवालदारांनी विचारलं तेव्हा लोढणं त्यानेच बांधलं, असं तो बोलला. घरी आल्यावर मी विचारलं, काहून बोलला. तो म्हणाला, "तू कोठडीत कशी राहशीन?" मी म्हटलं, "तुह्या पणजीच्या हाताखाली बारा वर्षं काढली म्या. मले कोठडी नको सांगू."

परवा गुरुवारी त्याची पोलीस भरतीची मैदानी चाचणी आहे. दोन वर्षांपासून तो त्यासाठी धावतो आहे. नावावर केस पडली तर भरतीत घेतात का, असं मी इथल्या बाईसाहेबांना विचारलं. त्यांनी पाणी घ्या म्हटलं. तो आता बाहेर बाकावर बसला आहे. त्याला इथे बसवून ठेवू नये.

भुपेंद्र अजून शुद्धीवर आला नाही. सकाळपासून रत्नाबाईला तीनदा फोन केला. दोनदा तिने उचलला नाही. तिसऱ्यांदा उचलला. दवाखान्यातल्या माणसांचाच आवाज येत होता. तिने ठेवला नाही, मीही ठेवला नाही.

भुपेंद्र वाचला तरी आणि नाही वाचला तरी माझं सांगणं हेच राहील.

वरील मजकूर मला माझ्या भाषेत वाचून दाखवला. पहिल्यांदा वाचला तेव्हा त्यात "नातू प्रविण याच्या मदतीने" असं आलं होतं. मला भराभर वाचता येत नाही, पण ऐकू येतं. तेवढे शब्द खोडायला लावले आणि खोडल्याजागी अंगठा दिला. बाकी मी बोलली तसंच आहे. मला सही येते. पण खोडल्याजागी अंगठा आहे, म्हणून खालीही अंगठाच दिला आहे.