पळून गेलेली सासू

नाटकाची मजा घ्यायची आसंल ना, तर नवऱ्याची फर्स्ट शिफ्ट बघून तिकिटं काढा गं. आमचे हे पहाटे पाचला उठून कंपनीत जायचे, दिवसभर मशीनवर उभे, आन संध्याकाळी नाटकाला बसलं की पडदा वर जायच्या आत ह्यांची मान खाली. पण दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमधी सगळ्यांला स्टोरी सांगायची हौस दांडगी. म्हणून घरी येताना निगडीच्या बसमधी मला म्हणायचे, "सांग लवकर, शेवटी काय झालं?"

एकदा मला लहर आली. साधं सासू-सुनेच्या भांडणाचं नाटक व्हतं. मी ठोकून दिलं, "सासू ड्रायव्हरसंगं पळून गेली, आन सून रिक्षा करून पाठीमागं."

ह्यांनी ते कॅन्टीनमधी लई रंगवून सांगितलं. रविवारी आख्खं डिपार्टमेंट बायकापोरांसकट नाटकाला. सासू काय शेवटपर्यंत सोफ्यावरनं हालली न्हाई.

सोमवारी हे तोंड पाडून घरी आले. "पार इज्जत घालवलीस. सगळ्यांला कळलं, मी झोपतो."

म्हणलं, संपलं आता आपलं नाटकाला जाणं. ह्यांनी चहा घेतला, कप खाली ठिवला आन हळूच इचारलं, "पुढं त्या सासूचं आन ड्रायव्हरचं काय झालं? पोरं इचारत्यात कॅन्टीनमधी."

आता रिटायर हायेत. परवा नातीनं आमाला चिंचवडला नाटकाला नेलं. सगळं नाटक टक्क जागे व्हते, मी चोरून बघत व्हते ना. रिक्षात बसल्या बसल्या म्हणले, "हे झालं त्यांचं. आता तुझं सांग."