ठोकाठोकीचा अर्ज

शिंपीण: हातोडी खाली ठेवा म्हटलं ना, भाऊजी! आठ दिवस कळ काढलीत, आज माती खाऊ नका.

पत्रेवाला: हात शिवशिवतायत हो वहिनी. महिनाअखेर दुकान रिकामं करायचंय. जाता जाता चार डबे तरी ठोकू द्या.

शिंपीण: कुठं जात नाही तुम्ही. ते बघा, जिन्यातून कोण उतरतंय. तिसरा मजला! डोळे बघा, टोमॅटो नुसते.

पत्रेवाला: तक्रारवाला?

शिंपीण: शूऽ. तोंड पाडून बसा.

भाडेकरू: काका, जरा बोलायचं होतं.

पत्रेवाला: बोला की साहेब. हळू बोला फक्त. लोकांना आवाजाचा त्रास होतो.

भाडेकरू: कळला टोमणा. काका, तुम्ही हल्ली... ठोकत नाही?

पत्रेवाला: तुम्हीच नाही का मालकांना लिहून दिलंत? 'सततच्या ठोकाठोकीने जगणं अशक्य झालंय.' इतकी वर्षं माझ्याविरुद्ध एक तक्रार नाही, म्हणून मालकांना मला हलवता येत नव्हतं. तुमच्या कागदानं सोय केली त्यांची.

शिंपीण: घड्याळवाल्याच्या जागी कॉफी आली, फ्रेमवाल्याच्या जागी नखं रंगवायचं दुकान. इथे काय येणार म्हणे?

पत्रेवाला: कुत्र्यांचं पार्लर.

भाडेकरू: कुत्र्यांचं? म्हणजे भुंकणार?

शिंपीण: नाही, पाढे म्हणतील.

भाडेकरू: मावशी, आठ दिवस झाले, बाळ झोपत नाहीये. डॉक्टर झाले, पाळणा झाला, मोबाईलवर समुद्राचा आवाज लावून झाला. काल बायकोनं वैतागून कढईवर उलथणं आपटलं, आणि पठ्ठ्या डाराडूर!

पत्रेवाला: मग वाजवा कढई.

भाडेकरू: खांदे गेले हो आमचे. आणि ताल चुकला की उठतो.

शिंपीण: उठणारच. नऊ महिने तुमची बायको याच दुकानाच्या वर राहिली. पोटात असल्यापासून ऐकतोय तो. म्हणूनच तर मी भाऊजींना म्हटलं...

भाडेकरू: काय म्हटलंत?

शिंपीण: म्हटलं, चहा घ्या.

पत्रेवाला: हे बघा साहेब, तक्रार लेखी, तर विनंतीपण लेखी. हा कागद. लिहा, 'सततच्या ठोकाठोकीशिवाय जगणं अशक्य झालंय.'

भाडेकरू: मालक वेडा समजतील मला!

शिंपीण: बाप झालात ना? मग समजू दे.

पत्रेवाला: पुढे लिहा, 'आधीची तक्रार मागे घेतो. सदर दुकान हलवू नये.' सही ठोका. आता फोटो काढून मालकांना पाठवा. इथेच, माझ्यासमोर.

भाडेकरू: पाठवला. ...आलं उत्तर. 'एक काय ते ठरवा! तक्रारच नाही तर त्याला काढू कसा? बसू दे तिथंच.'

शिंपीण: बघा! काय म्हटलं होतं मी?

भाडेकरू: चहा घ्या म्हणाला होतात. काका, आता करा ना चालू. ती बाळाला घेऊन खिडकीत उभीये.

पत्रेवाला: हळू ठोकू?

भाडेकरू: नको. नेहमीसारखं.

(बराच वेळ ठण् ठण् ठण्.)

शिंपीण: झोपलं हो! खिडकीतून हात केला तिनं. हे साहेबपण पायरीवरच पेंगले. बास करा आता, भाऊजी. हातात ऑर्डर तरी कुठाय? मघापासून नुसताच पत्रा ठोकताय.

पत्रेवाला: थांबलो तर उठेल, वहिनी.